ओला कचरा घरीच जिरवायचा की गाडीला द्यायचा? इंदूरकरांनो, सांगा

ओंजळ (सुदामा नगर, इंदूर)

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीत एका प्रश्नावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

मी गच्चीवर मातीच्या माठांमध्ये स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करते. समोरच्या काकू म्हणतात, "अगं, देवगुराडियाला एवढा मोठा गॅसचा प्लांट आहे, तो ओल्या कचऱ्यावरच चालतो. सगळे तुझ्यासारखं करायला लागले तर त्याला खाणं कुठून मिळणार?" शेजारचे काका बरोबर उलट टोकाला आहेत. त्यांच्या मते आपल्या घरचं साल-देठ मैलोन् मैल गाडीतून फिरवणं म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या अंगणात टाकणं.

कचऱ्याचा डोंगर पुन्हा कुठेही उभा राहू नये, एवढंच तिघांनाही हवंय. मार्ग कोणता बरोबर ते कळत नाही. कोणाला प्लांटची आतून माहिती असेल तर कृपया लिहा. आणखी एक, आता घरात नातू आलाय. डायपरचं काय करावं हा प्रश्न मला ओल्या कचऱ्यापेक्षा मोठा वाटायला लागलाय.

आबा_रामबाग

ओंजळताई, प्रश्न चांगला आहे. उत्तर देण्याआधी नव्या पिढीसाठी थोडं जुनं सांगतो, कारण आज वीस-बावीस वर्षांचा जो मुलगा आहे त्याला आपलं शहर कायम असंच होतं असं वाटतं.

महाशिवरात्रीला देवगुराडियाच्या महादेवाला जाणाऱ्यांना नेमावर रोडवरचा तो वास आठवत असेल. अनेक वर्षं साऱ्या शहराचा कचरा तिथल्या ट्रेंचिंग ग्राउंडवर एकत्र, न निवडता ओतला जायचा. खाली दबलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही. मग तो कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. तोच ढिगाला आतून आग लावतो. पाऊस पडला की काळं पाणी झिरपून विहिरींपर्यंत जातं. मुंबईचं देवनार जानेवारी २०१६ मध्ये असंच धुमसत होतं. दिल्लीत गाझीपूरच्या ढिगाचा कडा सप्टेंबर २०१७ मध्ये रस्त्यावर कोसळला आणि माणसं गेली. कोचीत ब्रह्मपुरमची आग मार्च २०२३ मध्ये दिवसेंदिवस विझत नव्हती.

आपल्याकडचा जुना ढीग साधारण १३ लाख टनांचा होता. २०१८ मध्ये, आशीष सिंह आयुक्त असताना, नगर निगमाने (महापालिकेने) यंत्रं भाड्याने घेऊन तो उपसला. कचरा मोकळा करायचा, जिवाणूंचं कल्चर फवारायचं, खालीवर करायचा आणि मग मोठ्या फिरत्या चाळण्यांतून गाळायचा. माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या, चिंध्या-प्लास्टिक वेगळं. खर्च १० कोटींच्या आत बसला आणि सुमारे १०० एकर जमीन मोकळी झाली. आता तिथे झाडं आहेत.

हे सांगण्याचं कारण असं की ढीग उपसला म्हणजे प्रश्न सुटला असं होत नाही. रोज नवा कचरा येतच असतो. इंदूरला जे जमलं ते घरोघर गाडी आली आणि लोकांनी वेगळा करून दिला म्हणून. चौकाचौकातल्या उघड्या कचरापेट्या त्यानंतरच हटवता आल्या.

खटपट्या

बायोगॅसच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे काकूंच्या शंकेचं उत्तर आकड्यांत देतो.

देवगुराडियाचा गोबरधन प्लांट १९ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. तेव्हा क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. त्यातून दिवसाला सुमारे १७,००० किलो सीएनजी आणि १०० टन खत, हे त्याचं गणित. म्हणजे टनामागे ३१ किलो गॅस, किलोमागे ३१ ग्रॅम.

आता ओंजळताईंच्या घरचा ओला कचरा रोज अर्धा किलो धरा. महिन्याला १५ किलो. त्यातून गॅस निघेल ४५०-५०० ग्रॅम. शहरातल्या दहा हजार घरांनी उद्यापासून घरीच खत करायचं ठरवलं, तरी रोजचे ५ टन कमी होतील, म्हणजे क्षमतेच्या एक टक्काही नाही. मंडई, हॉटेलं, मंगल कार्यालयं आणि जागा नसलेले लाखो फ्लॅट यांचा कचरा येतच राहणार आहे. प्लांट उपाशी राहील ही भीती काढून टाका.

पण काकूंना हेही सांगा की प्लांट हा कचऱ्याचा खड्डा नाही. आत काय होतं पाहा. आलेला माल आधी चाळतात, दळतात, पाणी घालून पातळ रबडी करतात. मग ती हवाबंद टाकीत जाते. तिथले जिवाणू तीन-चार आठवडे ते पचवतात. जो गॅस निघतो त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. ते दोन्ही काढून टाकून मिथेन ९० टक्क्यांच्या वर नेला की तो गाडीत भरण्याजोगा होतो. उरलेला चोथा पिळून त्याचं खत होतं.

या साखळीत सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? प्लास्टिकच्या पिशवीचा. ती ढवळणाऱ्या पात्यांना गुंडाळून बसते. त्यानंतर वाळू, काचा, अंड्याची टरफलं. ती टाकीच्या तळाशी साचतात आणि टाकीची जागा खात जातात. जगात ओल्या कचऱ्याचे प्लांट बंद पडले ते बऱ्याच ठिकाणी मिसळलेल्या मालामुळे. आपल्या प्लांटचं तंत्र इतरांपेक्षा फार निराळं नाही. त्याला मिळणारा माल मात्र खूप स्वच्छ आहे, आणि तो तसा आहे कारण हजारो बायका-पुरुष रोज सकाळी दोन डबे वेगळे ठेवतात. गाडीला ओला कचरा देणाऱ्या प्रत्येकाने पिशवी न बांधता, डबा सरळ उपडा करून द्यावा. एवढं केलंत तर प्लांटवरचा माणूस तुम्हाला दुवा देईल.

राजवाड्याचा_राजा

म्हणजे गाडीलाच द्या, असंच ना दादा? मग माठांची खटपट कशाला.

काळीमाती

नाही, राजाभाऊ. खटपट्यादादांच्या आकड्यांतूनच उलटंही निघतं. १५ किलोतून अर्धा किलो गॅस मिळवायचा, तर त्याआधी ते १५ किलो गल्लीतून ट्रान्सफर स्टेशनला, तिथून मोठ्या गाडीने देवगुराडियाला जातात. ओल्या कचऱ्यात तीन चतुर्थांश तर पाणीच असतं. आपण शहरभर पाणी वाहून नेतो. ज्याच्या घराखाली चार हात माती आहे किंवा वर गच्ची आहे, त्याने ते पाणी घरीच मुरवलं तर काय वाईट?

आणि मातीचं काय? आपल्या माळव्याची काळी माती कुंडीत भरून पाहा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. तिला मोकळी करायला सेंद्रिय खतासारखं दुसरं काही नाही. माझ्या अंगणातल्या कढीलिंबाला आणि मोगऱ्याला विकतची खताची पिशवी लागत नाही. भाजीचं देठ परत मातीत जाणं यात मला नुसती सोय दिसत नाही. ते तिचं देणं आहे.

खटपट्या

काळीमातीताई, तुमच्याशी भांडण नाहीच. फक्त एक अट. घरचं खत *हवेत* झालं पाहिजे. माठात पाणी साचलं, हवा बंद झाली, तर तिथेही मिथेनच तयार होतो. तो प्लांटमध्ये निदान पकडला जातो, गच्चीवर सरळ वर जातो. नीट केलेलं घरचं खत उत्तम. ते जमत नसेल तर गाडीला देणं बरं.

मुरारची_मीरा (ग्वाल्हेर)

मध्येच विचारते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, बाल्कनी जेमतेम. मागच्या वर्षी डबा लावला होता. आठ दिवसांत असा वास सुटला की घरच्यांनी तो उचलून टाकायला लावला. अळ्याही झाल्या होत्या. वाळलेली पानं शहरात आणायची कुठून? फ्लॅटवाल्यांनी हा नाद सोडावा का?

काळीमाती

मीराताई, सोडू नका. वास आला याचा अर्थ तुमच्या डब्यात ओलं जास्त आणि कोरडं कमी पडलं. हे सविस्तर लिहिते, म्हणजे इतरांनाही उपयोग होईल.

कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन गोष्टी लागतात. भाजी-फळांच्या सालींतून नायट्रोजन आणि वाळलेल्या पानांतून, भुश्यातून, पुठ्ठ्यातून कार्बन. कार्बन नायट्रोजनच्या २५ ते ३० पट असला की काम सुरळीत चालतं. घरी हे मोजायची गरज नाही. एक वाटी ओलं टाकलं की त्यावर दीड-दोन वाट्या कोरडं. नुसतं ओलं पडत राहिलं की पाणी सुटतं, हवेची वाट बंद होते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. वास झोंबरा, अमोनियासारखा असेल तरीही औषध तेच, कोरडं वाढवा.

डब्याला खाली आणि बाजूंना भोकं हवीतच. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा थर द्या, म्हणजे पाणी तुंबत नाही. साली बारीक चिरून टाका. पहिल्यांदा विरजण म्हणून कोणाकडचं तयार खत मूठभर घाला, नाहीतर आंबट ताकाचा शिपका द्या. दर तीन-चार दिवसांनी काठीने खालपर्यंत हलवा. ओलावा बरोबर आहे का हे हातानेच कळतं. मूठभर माल घट्ट दाबा. बोटांतून पाणी ठिबकता कामा नये, पण मूठ उघडल्यावर गोळा मोडूही नये.

डबा भरला की झाकून बाजूला ठेवा आणि दुसरा सुरू करा. म्हणून डबे दोन तरी लागतातच. उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत माल काळा, भुसभुशीत होतो आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. थंडीत जास्त वेळ लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत तर काहीच होत नाहीये असं वाटतं. धीर धरायचा. मूळ मालाच्या चौथा-पाचवा हिस्सा खत मिळतं.

अळ्यांचं म्हणाल तर त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट भराभर खातात. पाहवत नसतील तर वरून दोन इंच कोरड्याचा थर द्या.

आता कोरडं कुठून आणायचं. लाकडाच्या वखारीत भुसा मिळतो. नर्सरीत कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या) विटा मिळतात. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फाडून टाकले तरी चालतं, फक्त चकचकीत छपाईचा पुठ्ठा नको. आणि होळीनंतर पिंपळ, कडुलिंब, शिरीष यांची पानगळ सुरू झाली की चार पोती भरून ठेवा, वर्ष निघतं. पानं जाळताना कोणी दिसलं की मला पोटात तुटतं. ज्याच्यासाठी आपण वखारीत पैसे मोजतो, तेच तिथे धूर होऊन जातं.

तेलकट उष्टं, मटण-माशांचे तुकडे आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा बाल्कनीतल्या डब्यात टाकू नका. मोठ्या ढिगात ५५ ते ६० अंशांपर्यंत उष्णता चढते आणि रोगजंतू मरतात. छोट्या डब्यात तेवढा ताप येईलच असं नाही. शिळं वरण-भात मात्र थोडं थोडं, भरपूर भुश्यात मिसळून चालतं.

मुरारची_मीरा

काळीमातीताई, मनापासून आभार. दोन डबे लागतात हे कोणीच सांगितलं नव्हतं. पुन्हा सुरू करते.

नर्मदाकाठ

भुट्ट्याचा कीस करायच्या दिवसांत, मक्याचे दाणे किसून उरलेल्या कणसांच्या बुंध्यांचं काय करता? माझ्याकडे ते वर्षभर तसेच्या तसे राहतात. आंब्याच्या कोयीही.

काळीमाती

खत चाळल्यावर वर राहतात ते पुन्हा पुढच्या डब्याच्या तळाशी घालायचे. हवा खेळती ठेवतात, ही त्यांची मदतच. घाई असेल तर कुऱ्हाडीने ठेचून टाका. नारळाची करवंटी मात्र माझ्याकडेही कुजत नाही.

ओंजळ

वाचून डोकं खूप मोकळं झालं. काकूंना आकडे दाखवले. पण डायपरवर अजून कोणी बोललं नाही.

तान्हुल्याची_आई (विजय नगर)

ओंजळकाकू, मी बोलते, कारण रोज हेच करते.

डायपर आणि पॅड ना ओल्यात जातात ना सुक्यात. आपल्या गाडीला सॅनिटरीचा कप्पा वेगळा आहे, त्यातच गेले पाहिजेत. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि ओळखू येईल अशी खूण करा. पुण्यात कचरावेचक बायकांनी 'रेड डॉट' मोहीम चालवली होती, पुडीवर लाल ठिपका काढायचा, म्हणजे निवडणाऱ्या बाईला ती हाताने उघडून पाहावी लागत नाही. मी तेव्हापासून लाल ठिपका काढतेच. कोणीतरी आपलं उघड्या हाताने उचलतं हा विचार एकदा मनात आला की ठिपका काढायला विसरत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत तर उत्पादकांनीच यासाठी पाऊच किंवा वेष्टन द्यावं असं लिहिलं होतं.

पण खरा उपाय म्हणजे ते कमी करणं. दिवसा घरी असताना बाळाला सुती लंगोट, बाहेर जाताना आणि रात्री डायपर. माझ्या सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवून दिले. पॅडऐवजी मी मेन्स्ट्रुअल कप वापरते. सिलिकॉनचा असतो, नीट ठेवला तर अनेक वर्षं टिकतो. सगळ्यांना जमेल असं म्हणत नाही, पण कापडी पॅडचा पर्याय तरी आपल्या मुलींना सांगायला हवा. एक बाई आयुष्यभर जेवढे पॅड टाकते, ते सगळे तिच्या मागे राहतात.

राजवाड्याचा_राजा

एक प्रश्न मनापासून विचारतो. सगळं एकत्र जाळून वीज का करत नाहीत? परदेशात करतात ना. खतं, माठ, ठिपके कशालाच नकोत.

खटपट्या

विचारलंत ते बरं केलंत, हा प्रश्न पुष्कळांना पडतो.

तिथल्या कचऱ्यात कागद-पुठ्ठा-प्लास्टिक जास्त. आपल्या डब्यात निम्म्याहून जास्त साली, भाज्या, उष्टं असतं. म्हणजे पाणी. ओली लाकडं चुलीत घातली तर जे होतं तेच होतं, सगळी उष्णता पाणी वाळवण्यात जाते. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डॅनिश मदतीने रोज ३०० टन कचरा जाळून वीज करणारा प्लांट उभारला होता. आलेल्या कचऱ्यात जळण्याजोगा दमच नव्हता. तो चालला नाही.

जाळायचंच असेल तर फक्त ते, जे सुकं आहे आणि ज्याचा पुन्हा कशालाच उपयोग नाही. फाटक्या चिंध्या, थर-थर चिकटवलेल्या चकचकीत पाकिटांचे तुकडे वगैरे. त्याचं इंधन करून सिमेंटच्या भट्टीत घालतात. तिथे आत १४०० अंशांच्या वर तापमान असतं आणि राखही सिमेंटमध्येच मिसळून जाते. २०१६ च्या घनकचरा नियमांतही तसंच होतं. पुन्हा वापरता न येणारा, पण किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्मांकाचा कचरा लँडफिलमध्ये (कचरा पुरायच्या जागेत) टाकायचाच नाही. कमी तापमानाच्या छोट्या भट्टीत किंवा अंगणात प्लास्टिक जाळणं हे मात्र विष आहे. त्यात पीव्हीसी असेल तर डायऑक्सिन हे अतिविषारी रसायन तयार होतं.

आणि कचरा जाळून वीज करणाऱ्या भट्टीची एक अडचण अशी की तिला रोज कचरा लागतो. एकदा कोट्यवधी घालून ती उभी केली की शहराला कचरा कमी करणं परवडेनासं होतं.

वेंगुर्ल्याची_लेक (सध्या लोकमान्य नगर, इंदूर)

माहेर वेंगुर्ले. इंदूरबद्दल सगळे बोलतात, आमचा गाव लहान म्हणून मागे राहतो, पण त्याचं कौतुक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रामदास कोकरे २०१५ मध्ये तिथे मुख्याधिकारी म्हणून आले. गावाबाहेरचं डंपिंग ग्राउंड म्हणजे नाकाला पदर लावून जायची जागा. त्यांनी कचरा घरातूनच वेगवेगळा मागायला सुरुवात केली. वेगळा नसेल तर घेणारच नाहीत. सुरुवातीला लोक चिडले. माझ्या आईची कुरकूर मी फोनवर ऐकलीय. पण मग ओल्याचं गॅस आणि खत, प्लास्टिकचा चुरा करून डांबरी रस्त्यात, बाकीचं भंगारात. टाकायला मागे काही उरेना. आज ती डंपिंगची जागा म्हणजे बाग आहे, शाळेच्या सहली येतात.

इंदूरइतका पैसा, इंदूरएवढे प्लांट तिथे नाहीत. म्हणून मला वाटतं, लहान गावांनी आमच्याकडे इंदूरसारखं मशीन नाही ही सबब सांगू नये.

पेठकर (पुणे)

मी इंदूरचा नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. वर रेड डॉटचा उल्लेख आला, म्हणून सांगतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे त्यातून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था झाली आणि त्या घरोघर कचरा घेऊ लागल्या. लँडफिलला पर्याय म्हणून आपण यंत्रं मोजतो. पण भंगारात जे जे जातं, बाटली, पुठ्ठा, दुधाची पिशवी, ते वर्षानुवर्षं या बायकांनीच ढिगात जाण्यापासून वाचवलंय, तेही कोणी पगार देत नसताना. शहर यंत्रांवर गेलं की सगळ्यात आधी यांचं पोट तुटतं. कुठलीही व्यवस्था करताना त्यांना त्यात काम, हातमोजे आणि ओळखपत्र मिळतंय का, हे नागरिकांनी विचारलं पाहिजे.

आणि म्हणून दुधाची पिशवी धुऊन, वाळवून द्या. खरकटी पिशवी भंगारातही कोणी घेत नाही.

नर्मदाकाठ

पेठकरदादांच्या म्हणण्याला जोडून. पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कुठल्याच चाळणीत सापडत नाही आणि नाल्यात जातो.

आबा_रामबाग

वर खटपट्यांनी चकचकीत पाकिटांचा उल्लेख केला. आपल्या इंदुरात त्याचा मोठा वाटा कशाचा, तर शेव-नमकीनचा. प्लास्टिक, ॲल्युमिनियम, पुन्हा प्लास्टिक असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही हात लावत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या चमचे, कप, ताटल्यांवर बंदी आली, पण ही पाकिटं त्या यादीत नाहीत. त्यांची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे खरी, तरी ते पाकीट येतं आपल्याच घरात.

नमकीनच्या दुकानात आजही शेव तोलून मिळते. मी घरून स्टीलचा डबा नेतो. दुकानदार आधी डब्याचं वजन करून घेतो आणि वर चार शेवा जास्तच टाकतो. डबा घेऊन जाण्यात लाज कसली? आपल्या आया तेलाची बरणी घेऊन जायच्याच की.

घरात वास्तुशांत, मुंज असली तर डिस्पोजेबल ताटांऐवजी निगमाच्या बर्तन बँकेची चौकशी करा. स्टीलची ताट-वाट्या वापरून, घासून परत करायच्या.

तान्हुल्याची_आई

आबा, आमची टाऊनशिप मोठी आहे, कित्येक इमारती. इथे प्रत्येकाने बाल्कनीत डबा लावण्यापेक्षा सोसायटीने एकच काही करावं का?

खटपट्या

जरूर. २०१६ च्या नियमांतच ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा असं होतं. तुमच्याकडे दोन रस्ते. एक, विटांचे जाळीदार हौद, आळीपाळीने भरायचे. बागेचा पालापाचोळा तिथेच असतो, त्यामुळे कोरड्याची चणचण नाही, आणि माळीबुवांना थोडे जास्त पैसे दिले की काम होतं. दुसरा, छोटा बायोगॅस. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने घरगुती टाकीवजा संच तयार केला होता, त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. शेणाऐवजी शिळी पोळी, भात, खरकटं यावर तो चालतो, कारण पिठूळ अन्नातून गॅस शेणापेक्षा फार लवकर निघतो. पहिलं विरजण मात्र शेणाचंच लागतं.

गॅसला लिंबू-संत्र्याच्या साली फार नको, जिवाणू मंदावतात. आणि थंडीत उत्पादन उतरतं हे कमिटीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर जानेवारीत "बंद करा" म्हणून ठराव येईल. माझा कल तुमच्या बाबतीत हौदांकडे. चालवायला सोपे, बिघडण्यासारखं काही नाही, आणि पोरांना समोर दिसतं कचऱ्याचं काय होतं ते. इलेक्ट्रिकचं झटपट खताचं मशीन विकायला कोणी आलं तर नीट पाहा. चोवीस तासांत बहुतेक मशिनं कचरा फक्त वाळवतात आणि दळतात. तो भुगा ओला झाला की पुन्हा कुजायला लागतो. तो आधी काही आठवडे मुरवावा लागतो, तेव्हा कुठे झाडाला घालता येतो.

राजवाड्याचा_राजा

बायकोने हा अख्खा धागा वाचून काढला. आमच्याकडे गच्ची नाही, अंगण नाही. तेव्हा ओलं गाडीलाच, पण उद्यापासून पिशवीशिवाय. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घातलं तर चालेल का?

खटपट्या

चालेल. एक पान पुरे. प्लांटमध्ये कागद पचतो.

ओंजळ

काकू आणि काका दोघांनाही काल चहाला बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. काकूंचं गुडघ्याचं दुखणं आहे, गच्चीवर चढणं होत नाही. त्या गाडीलाच देणार, आणि त्यांचा डबा आमच्या गल्लीत सगळ्यात स्वच्छ असतो हे मी मान्य केलं. काका खत करणार. मी माझे माठ चालू ठेवते, पण मटारच्या दिवसांत टरफलांचा ढीग लागतो तेव्हा जास्तीचं गाडीला देईन, माठ कोंबून सडवण्यापेक्षा ते बरं. लंगोटांसाठी आईच्या दोन सुती साड्या काढून ठेवल्यात.

आता अडचण आहे ती पानांची. होळी जवळ आली. आमच्या बागेतला माळी पानं गोळा करून पेटवतो, दरवर्षी. त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "दीदी, उठवून नेणार असाल तर मला कशाला आग लावायची?" पण एवढी पोती एकट्या मला नेता येणार नाहीत. सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर भागातलं कोणी वाटून घ्यायला तयार आहे का?

काळीमाती

मी येते. माझ्याकडे सिमेंटची रिकामी पोती आहेत, धुऊन ठेवलेली. शिरीषाची पानं मला द्या, बारीक असतात, लवकर कुजतात. पिंपळाची तुम्ही घ्या.

वेंगुर्ल्याची_लेक

मीही. आमच्या ह्यांची ॲक्टिवा आणि एक लोडिंग रिक्षावाला ओळखीचा आहे. रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत?

ओंजळ

रविवारी साडेसात. पानं कोरडी असतील तरच भरू, दव असेल तर तासभर थांबू. हातमोजे ज्यांचे त्यांनी आणा, त्यात काटे आणि काचाही असतात.